एकसदस्यीय आयोग

माझ्या घरमालकांचं नाव रत्नागिरीत आमच्या आळीला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते कुणी वापरत नसे. सगळे त्यांना 'आयोग' म्हणत. अर्थात पाठीमागे, पण पाठ पुरती वळेपर्यंतही कुणाला धीर नसे. पिशवी घेऊन ते नाक्यावर दिसले की वाणी बाकीच्या गिऱ्हाइकांना हळूच सांगे, "आयोग आले, आता अर्धा तास धरा." आणि अर्धा तास खरोखरच जाई, कारण पुडा ज्या कागदात बांधलाय तो कागद वाचल्याशिवाय काका तो पिशवीत टाकत नसत.

वाचल्याशिवाय काही नाही, हा त्यांचा नियम होता. पोस्टमनने रजिस्टरची पोच पुढे केली की ती पुढून वाचायची, मागून वाचायची, मग चष्मा पुसून सही. बँकेतल्या मुलीने "इथे करा सही, काका" म्हणून बोट ठेवलं, तर ते तिला बोट उचलायला सांगत, कारण बोटाखाली चार शब्द झाकलेले असत. काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी संमतिपत्र त्यांनी सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं वाचलं आणि त्यातलं एक वाक्य डॉक्टरांकडून सुधारून घेतलं. काकू तोवर स्ट्रेचरवर पडून होत्या. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो, एका डोळ्याने दिसतंय तेवढं मला पुरे आहे."

मी अठ्ठ्याण्णव साली कोल्हापूरकडून लिपिक-टंकलेखक म्हणून रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत रुजू झाले आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आले. काका महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी मला जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही. मराठी टायपिंगचा वेग काय, एवढंच विचारलं. मी तीस सांगितला. ते म्हणाले, "पुरे." मला वाटलं, माणूस विक्षिप्त आहे पण निरुपद्रवी दिसतो. पहिल्याच रविवारी त्यांनी पडवीत टेबल मांडलं, त्यावर कुठल्याशा कचेरीतून भंगारात निघालेलं मराठी मशीन ठेवलं आणि मला हाक मारली. निरुपद्रवी हा शब्द मी त्याच दिवशी मागे घेतला. पुढची नऊ वर्षं माझे रविवार त्या टेबलाशी, काकांचा अर्ज टाइप करण्यात गेले.

त्यांची दुसरी सवय मला सुरुवातीला जाचत असे. घरातून कुणी एकटं निघालं की काका चपला पायात घालत. मी सकाळी एस.टी. स्टँडकडे निघाले की हे बरोबर. मोलकरीण संध्याकाळी खालच्या वाडीत जायला निघाली की हे तिच्याबरोबर, वाटेतल्या दगडी गडग्याच्या पलीकडे तिचं घर दिसेपर्यंत. मी एकदा वैतागून म्हटलं, काका, मी काय हरवणार आहे? त्यावर काकू म्हणाल्या, "अगो, सोबत करायला हरवावं लागत नाही." आमच्या कोल्हापूरकडे सोबत म्हणजे नुसतं 'बरोबर'. इथे सोबत ही करायची गोष्ट होती. त्या घरात ती दाराशी आलेल्याला पाणी विचारावं इतक्या सहजपणे केली जाई. मुलालाही त्यांनी तेच शिकवलं होतं.

मुलाचा फोटो ओटीवर होता. मुंबईत एका छापखान्यात नोकरीला होता आणि मी येण्याच्या तीन वर्षं आधी तिथेच गेला, एवढंच मला सुरुवातीला माहीत होतं. कसा गेला हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मला कुणी सांगितलं नाही.

तर तो अर्ज. काकांचं म्हणणं असं होतं की मोठ्या शहरांतली गुन्हेगारी आणि बंदुकांनी होणाऱ्या हत्या कमी करण्यासाठी शासनाने एक आयोग नेमावा. त्या काळात पेपर उघडला की कुठल्या ना कुठल्या आयोगाची बातमी असायचीच, आणि मुंबईत भर रस्त्यात गोळ्या झाडल्याची बातमीही. काकांनी या दोन बातम्या जोडल्या. आयोगाची कार्यकक्षा त्यांनी स्वतः आखली होती. बेकायदा पिस्तुलं शहरात येतात कुठून, हे बघावं. टोळ्यांना पोरं कुठल्या जिल्ह्यातून मिळतात आणि गावाहून आलेल्या पोराला पहिल्या सहा महिन्यांत कोण काय देऊ करतं, हे विचारावं. साक्ष देणाऱ्याला संरक्षण द्यावं. अशी सहा कलमं. मी सरकारी कागद रोज बघत होते. ती कलमं उत्तम होती हे मी आजही सांगेन. सातवं मात्र बाकीच्यांत बसत नव्हतं. गोळीबारात मेलेल्यांपैकी ज्यांचा गुन्ह्याशी संबंध नव्हता त्यांच्या नोंदी तपासून दुरुस्त कराव्यात, असं ते होतं.

आळीतले लोक त्यांना विचारत, पोलीस आहेत, कोर्ट आहे, मग तुमचा आयोग कशाला? काकांचं उत्तर ठरलेलं होतं. पोलीस सांगतात, कोर्ट ठरवतं, आयोग विचारतो. विचारायला कुणीतरी नको का? लोक मान डोलवत आणि पुढे जाऊन हसत. मीही हसत असे. ते मला आता आवडत नाही, पण हसत असे हे खरं आहे.

पहिल्या अर्जात घोटाळा झाला तो माझ्यामुळे. कचेरीत नवीन असले तरी मला एक अक्कल आली होती, की साहेब फक्त विषय वाचतात आणि विषय लांबला की तोही वाचत नाहीत. काकांनी सांगितलेला विषय तीन ओळींचा होता. मी शहाणपणा करून टाइप केलं, 'विषय : बंदुकीबाबत.' तीन प्रती गेल्या. चार महिन्यांनी एक हवालदार पडवीत येऊन बसला, काकूंनी दिलेलं कोकम सरबत प्यायला आणि वही काढून विचारू लागला, आंब्याची कलमं किती, वानरांचा त्रास किती, डुकरं येतात काय. कोकणात बागाईतदाराला राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळतो, त्याची ही चौकशी होती. काकांना खोटं बोलता येत नसल्याने त्यांनी वानर येतात हे मान्य केलं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी अर्जाची प्रत आणून हवालदाराला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली. तो बिचारा भला माणूस होता. शेवटी म्हणाला, "काका, पण विषय तर बंदुकीबाबतच आहे."

मी खांबाआड उभी होते. रडायचं की पळायचं ते कळेना. तो गेल्यावर काका म्हणाले, "मी वाचूनच सही केली होती, पोरी. मला वाटलं, हल्ली असंच लिहितात." त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास कचेरीचं उत्तर आलं. आपणांस बंदुकीची आवश्यकता असल्याचे दिसून येत नाही, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. काकांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे मात्र बरोबर लिहिलंन्." आम्ही दोघं हसलो. काकू आतून बघायला आल्या, कारण त्या घरात हसणं फार दिवसांनी ऐकू आलं होतं.

त्याच दिवशी नवीन अर्ज टाइप करताना मी सुचवलं की सातवं कलम काढू या, ते मध्येच आल्यासारखं वाटतं. काकांनी मशीनवरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "तेवढ्यासाठी तर बाकीची सहा आहेत." आणि काकू मागीलदारी गेल्यात हे बघून त्यांनी मला सांगितलं.

मुलगा मुंबईत गावमंडळाच्या खोलीत राहत असे. कोकणातल्या गावांच्या अशा खोल्या असतात, दहा-बारा जण एकत्र राहतात. तिथे संगमेश्वराजवळच्या एका गावचा मुलगाही होता. तो कुठल्याशा टोळीत अडकलेला, हे खोलीत कुणाला धड माहीत नव्हतं, किंवा होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एके दिवशी त्याला ताप भरला आणि तो डॉक्टरकडे एकटा जायला घाबरू लागला. काकांचा मुलगा म्हणाला, चल, मी येतो सोबतीला. कोपऱ्यावर मोटारसायकलवरून दोघं आले आणि गोळ्या झाडून गेले. काकांचा मुलगा जागेवर गेला, दुसरा दोन दिवसांनी इस्पितळात. हे सगळं काकांना खोलीवरच्या मुलांनी सांगितलेलं.

"मी पोचलो तेव्हा चौकीत हवालदाराने विचारलंन्, तुमचा मुलगा त्याच्याबरोबर काय करत होता? मी म्हटलं, सोबतीला गेला होता." काका टेबलाची कड धरून बोलत होते. "मला अभिमान वाटला गो सांगताना. त्याने लिहिलंन्, साथीदार. कागद फिरवून माझ्यापुढे ठेवलान्. त्यावर सही झाल्याशिवाय मुलगा ताब्यात मिळायचा नव्हता. मी वाचलं नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचले, आणि तेवढा एक वाचला नाही."

तोच शब्द दुसऱ्या दिवशी पेपरात आला. गुंड जखमी, साथीदार ठार. नावाचं शुद्धलेखनही चुकलेलं. काकूंना हे माहीत नव्हतं. हा शब्द पोलिसांनी आकसाने घातला, असंच त्या धरून होत्या आणि पोलिसांच्या नावाने बोटं मोडत होत्या. काका ते ऐकून घेत.

मी त्या दिवसापासून हसले नाही. निदान त्यांच्या पाठीमागे तरी नाही.

पुढच्या अर्जांना उत्तरं येत गेली. आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठविण्यात आला आहे. आपला अर्ज विचाराधीन आहे. आपला अर्ज आढळून येत नाही, तरी प्रत पाठवावी. काकांनी ठरवलं की आयोग नेमला जाईल तेव्हा जाईल, कागद तयार असले पाहिजेत. मग ते स्वतःच साक्षी घ्यायला निघाले. जिल्ह्यातल्या ज्या घरातला माणूस मुंबईत गोळीला बळी पडला, तिथे एस.टी.ने जायचं, ओटीवर बसायचं आणि विचारायचं. हर्ण्याला एका मच्छीमाराचा भाऊ असाच गेला होता. त्याची होडी लागेपर्यंत काका संध्याकाळच्या लिलावाच्या गर्दीत कागद छातीशी धरून उभे होते, आणि बायका त्यांना गिऱ्हाईक समजून पापलेटं दाखवत होत्या. पोफळीला वीज केंद्राच्या वसाहतीत एका बाईने त्यांना आत घेतलं नाही, पण फाटकाशी उभ्याउभ्या तासभर बोलली. लोक बोलत, याचं मला नवल वाटे. रडत, आणि जाताना नारळ हातावर ठेवत. काका लिहून घेत, मोठ्याने वाचून दाखवत, मगच सही किंवा अंगठा.

एका घरी मात्र ते जात नव्हते. गावातल्या एका वकिलाने त्यांना सांगितलं होतं की संगमेश्वरच्या त्या मुलाच्या आईने 'माझ्या मुलाचा आणि यांच्या मुलाचा काही संबंध नव्हता' असं लिहून दिलं, तर त्या नोंदीचं काही होऊ शकतं. तेवढा एक कागद. आणि काका चार वर्षं त्या कागदाला टाळत होते. मी विचारलं की म्हणत, पाऊस आहे, गणपती आलेत, आंब्याची काढणी आहे. एकदाच खरं बोलले. "तिच्या मुलापायी माझा गेला. तिच्या ओटीवर बसून मी तिला काय विचारू?"

आयोग कधी नेमला गेला नाही, हे सांगायला नकोच. काका दोन हजार सातच्या उन्हाळ्यात गेले, चार दिवसांच्या आजारात. फायली मी ठेवल्या आहेत. त्या कुणी मागितल्या नाहीत. पण मला सांगायचं आहे ते दोन हजार दोनच्या मे महिन्यातल्या त्या रविवारचं, जेव्हा ते आपणहून म्हणाले, "चल, संगमेश्वरला जाऊ."

गाव हमरस्त्यापासून आत होतं. बाई अंगणात आमसुलं वाळत घालत होती. साठीची, वाळलेली. काकांनी आपण कोण ते सांगितलं. तिने हात धुतले, घोंगडी अंथरली, पाणी आणलं आणि समोर जमिनीवर बसली. काका पिशवीतले कागद चाळत राहिले, म्हणून मीच आयोगाचं सांगितलं. तिला ते कळलं की नाही, देव जाणे. काकांनी घरून तयार करून आणलेला जबाब काढला आणि आपल्या नियमाप्रमाणे वाचायला सुरुवात केली. तिचं नाव, गाव, मुलाचं नाव, घटनेची तारीख. मी शाईचं पॅड उघडून धरलं होतं. तिने अंगठा शाईला लावलाही होता. मग काकांनी ते वाक्य वाचलं. सदर दोन्ही इसमांचा एकमेकांशी कोणताही संबंध नव्हता.

तिने अंगठा लुगड्याला पुसला.

"संबंद नाय कसा?" ती म्हणाली. "एका टोपातला जेवत व्हते."

काकांनी तिला समजावलं. शांतपणे, सरकारी भाषा सोडून. हे लिहिलं नाही तर माझ्या मुलाच्या नावापुढचा तो शब्द जाणार नाही, असं सांगितलं. ती ऐकत होती. तिला ते कळलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला तिचा भयंकर राग आला. एका अंगठ्याचं तर काम होतं. तिचा मुलगा काय होता ते सगळ्या जगाला माहीत होतं, तिचं काय जाणार होतं?

"माजा पोर दोन दिस जिता व्हता," ती म्हणाली. "मी त्याच्याजवळ व्हते. मला समदा सांगलान. ते आले तवा ह्यानं तुमच्या पोराला म्हटलान, तू पळ, ते माज्यासाटी आलेत. तो नाय पळाला. बोलला, तुला ताप हाय, तू पडशील. आनि हात धरून ऱ्हायला." तिने पदराने तोंड पुसलं. "आता तुमी सांगता, लिवा म्हणून, संबंद नव्हता. मी कशी लिवू, भाऊ? माजा पोर वाईट व्हता. पन एकटा नाय मेला, तो तुमच्या पोरामुळं."

मग जरा वेळाने म्हणाली, "हे मला कुणी इचारलाच नाय. तुमी पयले."

काकांनी खिशातलं पेन काढलं. ते छापील वाक्य खोडलं. खाडाखोडीवर बारीक सही केली, कारकुनी शिस्तीप्रमाणे. मग वर आपल्या अक्षरात तिने सांगितलेलं सगळं लिहिलं, ती बोलली तसंच. शेवटी तिच्याच तोंडी लिहिलं, 'तो माझ्या मुलाच्या सोबतीला होता.' मी हळूच म्हटलं, काका, ही ओळ राहिली तर या कागदाचा काही उपयोग नाही. ते म्हणाले, "ती खरी आहे." त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाईने अंगठा दिला, चांगला दाबून दिला.

येताना एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून होते, कारण माझा राग गेला होता आणि त्याच्या जागी जे आलं ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं. घरी पोचलो तेव्हा काकू तुळशीपाशी दिवा लावून आत येत होत्या. काकांनी चपलाही काढल्या नाहीत. पडवीतच उभं राहून त्यांनी सांगितलं की साथीदार हा शब्द पोलिसांच्या आकसाचा नव्हता. सोबतीला होता असं आपण सांगितलं, त्याने ते तसं लिहिलं, आणि आपण न वाचता सही केली. सात वर्षं आपण हे लपवलं. आणि आज तो शब्द घालवणारा कागद मिळत होता, तोही आपल्याच हाताने घालवला.

मला वाटलं, आता काकू कोसळतील, नाहीतर काकांना बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, "ती बाई काय म्हणाली?"

काकांनी कागद काढून वाचला. तू पळ, यापर्यंत काकू उभ्या होत्या. मग त्या झोपाळ्यावर बसल्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "तुला ताप आहे, तू पडशील. असंच म्हणाला?"

काका म्हणाले, "असंच. तिच्या मुलाने तिला सांगितलंन्."

काकूंनी तो कागद हातात घेतला. चष्मा नव्हता, त्यामुळे वाचता येत नव्हतं, पण धरून बसल्या. साथीदार या शब्दाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, त्या दिवशीही नाही आणि पुढेही कधी नाही.

"इतकी वर्षं मला वाटत होतं, तो काही न बोलता गेला," त्या म्हणाल्या. "त्याचं शेवटचं बोलणं त्या बाईपाशी आहे. उद्या मला तिच्याकडे न्या."